टीशर्ट नको, शिफ्ट बदलून द्या

आज दुपारी एचआरचा मेल आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

आमच्या प्लांटमधली काही पोरं अंध विद्यार्थ्यांच्या परीक्षेला रायटर म्हणून जातात. स्वतःहून, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या पेट्रोलवर. तर मेल असा की हा उपक्रम आता कंपनीच्या 'स्वयंसेवा सप्ताहा'त घेतला आहे, सगळ्यांचं अभिनंदन. त्याखाली अटी. फॉर्म भरायचा. केंद्रावर जाताना कंपनीचा टीशर्ट घालायचा. परीक्षेच्या ठिकाणचे फोटो पाठवायचे. 'लाभार्थी' विद्यार्थिनीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा. आणि प्रोजेक्ट लीड म्हणून वरच्या मजल्यावरचे एक साहेब, ज्यांनी आजवर या कामाबद्दल एका शब्दानं विचारलेलं नाही.

लाभार्थी कोण? ती मुलगी वर्षभर रेकॉर्डिंग ऐकून, ब्रेलमध्ये टिपणं काढून अभ्यास करते. उत्तर तिचं, मार्क तिचे. आमचा पोरगा ती सांगेल ते कागदावर उतरवतो, एवढंच. तिनं कॅमेऱ्यासमोर उभं राहून कुणाचे आभार मानायचे? आणि का?

हे सुरू कसं झालं ते सांगते, कारण मेलमध्ये त्यातलं काहीच नाही.

आमच्याकडे एक फिटर आहे. बारावी झाला, मग आयटीआय केलं. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. त्याच्या शेजारी राहणारी एक मुलगी टीवाय बीएला होती, विषय राज्यशास्त्र. तिचा ठरलेला रायटर आदल्या रात्री फोन करून 'जमणार नाही' म्हणाला. घरच्यांनी धावपळ करून एक ओळखीची शिक्षिका तयार केली, तर ती चालेना. कारण रायटरचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. नियम बरोबरच आहे, नाहीतर पेपर नक्की कुणी लिहिला हे कसं कळणार? पण रात्री दहा वाजता बारावी झालेला, मराठी अक्षर बरं असलेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळा असलेला माणूस आणायचा कुठून? आमचा फिटर सेकंड शिफ्टला होता, रात्री साडेबाराला घरी पोचला. जिन्यातच मुलीच्या वडिलांनी गाठलं. सकाळी गुणपत्रिका, आधार आणि फोटो घेऊन हा कॉलेजच्या ऑफिसात हजर.

तीन तासांचा पेपर रायटर घेतला की चार तासांचा होतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. अकरा ते तीन पेपर लिहून हा तिथून थेट कंपनीच्या बसला धावला. डबा खाल्ला नव्हता. मी स्टोअरमध्ये असते. त्या संध्याकाळी तो बेअरिंग घ्यायला खिडकीशी आला तर बोटं आखडलेली. म्हणाला, "ताई, पान्यानं कधी एवढं दुखत नाही हो." आणि मग पुढचा अर्धा तास फक्त त्या मुलीबद्दल. प्रश्नपत्रिका दोनदा वाचून घेतली. कुठल्या प्रश्नाला किती मार्क ते विचारून आधी वेळ वाटून घेतला. परिच्छेद कुठे पाडायचा, कुठे अधोरेखित करायचं, सगळं ती सांगत होती. मध्येच म्हणायची, "दादा, शेवटची दोन वाक्यं वाचा." ऐकून त्यातलं एक खोडायला लावायची. राज्यपालांच्या अधिकारांवर तिनं न थांबता तीन पानं सांगितली म्हणे. "मला बारावीला एवढं कुणी समजावून सांगितलं असतं तर..." एवढं म्हणून तो बेअरिंग घेऊन गेला.

त्यानं हे कँटीनमध्ये सांगितलं आणि पोरं आपणहून विचारायला लागली. मीटिंग नाही, पीपीटी नाही. एकानं व्हॉट्सॲप ग्रुप काढला: कोण कुठल्या शिफ्टला, कोण बारावी, कोण दहावी, कुणाचं अक्षर सुवाच्य. मग कुणीतरी म्हणालं की आपल्याला शाळा सुटल्यापासून पेन धरायची सवय नाही, सराव करू. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत एक जण पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे लिहून काढतात. नखांत ग्रीस, समोर शंभर पानी वही, घड्याळ लावून. शुद्धलेखन तपासायला मला बसवलंय. माझं त्या कामातलं योगदान एवढंच, पण दिवसातला तो वेळ मला सगळ्यात आवडतो. ज्यांना आयुष्यभर 'शिकला नाहीस म्हणून मशीनवर आलास' असं ऐकवलं गेलं, त्यांचं कमी शिक्षण इथे पात्रता ठरतं. पदवीवाल्याला बीएच्या परीक्षेत रायटर म्हणून बसता येत नाही, आमच्या फिटरला येतं.

आणि त्यांच्यावर लीड कोण, तर एमटेक झालेले साहेब! त्या मुलीच्या शेजारी बसून त्यांना एक ओळ लिहिता येणार नाही, नियमानंच. पण फोटोत मधोमध तेच असतील.

मागच्या परीक्षेच्या वेळी काय झालं तेही लिहितेच. याच फिटरनं पेपरसाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. फर्स्ट शिफ्ट होती. आठवडाभर आधी मागितली होती, पेपरचं वेळापत्रक जोडून. 'डिस्पॅच आहे, जमणार नाही.' शेवटी दुसऱ्या एका पोरानं त्याची शिफ्ट घेतली आणि लगेच स्वतःचीही केली. सलग सोळा तास मशीनवर उभा राहिला, कारण दुसऱ्या कुणाला तरी परीक्षेत लिहायला माणूस हवा होता. त्या सोळा तासांचा फोटो कुणी काढला नाही. त्याला साधं 'शाबास' म्हणायलाही कुणी आलं नाही. आणि आज मेलमध्ये लिहितात, 'आमच्या कर्मचाऱ्यांच्या सामाजिक बांधिलकीला कंपनीचा कायम पाठिंबा राहिला आहे.' कायम? कधी होता, एक दिवस दाखवा!

कंपनीचं नाव लिहीत नाही. गरजही नाही, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या ऑफिसात हेच चालतं हे मला माहीत आहे. पाच जण दर रविवारी गुपचूप टेकडीवर झाडांना पाणी घालत असतात. एक दिवस कुणा वरच्याला ते कळतं, मग बॅनर येतो, टोप्या येतात, दीडशे माणसं येतात, आणि पुढच्या रविवारी पाणी घालायला पुन्हा तेच पाच जण. कधीकधी तेही येत नाहीत, कारण त्यांचं काम आता त्यांचं उरलेलं नसतं.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचा, कायदा आहे, माहीत आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. पाचशे कोटींची नक्त मालमत्ता किंवा हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा असेल तर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. चांगलं आहे. पण त्याच बाबतीत सरकारनं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कर्मचाऱ्यांनी दिलेला वेळ पैशात मोजून त्या खर्चात दाखवता येत नाही. मला हे फार बरोबर वाटतं. वेळ माणसाचा आहे, कंपनीच्या ताळेबंदात तो बसत नाही. हिशोबात घेता येत नाही म्हणून आता फोटोत घ्यायचा का?

बरं, मान्य करते. काही कामं कंपनीच्या पैशाशिवाय होतच नाहीत. डायलिसिसचं मशीन कँटीनमधल्या वर्गणीतून येत नाही. आणि एचआरमधली ती मुलगी वाईट नाही, तिलाही वरून टार्गेट आहे.

पण आपल्याकडे कष्टकऱ्याला समाजकार्य शिकवायला कधी कुणी मॅनेजर लागला होता? माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं, पाळीप्रमाणे आलटून पालटून झोपायची. त्यातही महिन्याला गावच्या मंडळाची वर्गणी निघायची. कोकणात आणि घाटावर कितीतरी गावांतल्या शाळेच्या खोल्या, विहिरी, देवळं अशा वर्गणीतून उभी राहिलीत, 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' अशी पाटी अजून भिंतीवर दिसते. पुण्यात हमाल पंचायतीनं १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवायला मिळावं म्हणून. त्यांना कुणी बांधिलकी शिकवली नव्हती. उपाशी राहणं म्हणजे काय ते ठाऊक होतं, बस.

आमच्या फिटरचंही तेच आहे. मी त्याला आज विचारलं, मेल वाचलास का? म्हणाला, "वाचला. टीशर्टचं बघू हो ताई, पण व्हिडिओचं मी तिला विचारणार नाही. ती परीक्षेला आलेली असते." एवढंच बोलला. रागही नव्हता आवाजात. मीच चिडलेय त्याच्या वतीनं.

टाइप करता करता जरा शांत झालेय, तर जे मागायचं आहे ते नीट मागते. उद्या हेच मेलला उत्तर म्हणून पाठवणार आहे, माझ्या नावानं. पेपरच्या दिवशी शिफ्ट बदलून द्या, सुपरवायझरच्या एका सहीवर. सेकंड शिफ्टवाल्याची बस चुकली तर अर्धा तास उशीर चालवून घ्या, पगार कापू नका. जेवणाच्या सुट्टीनंतर दहा मिनिटं कँटीनचं एक टेबल आम्हाला राहू द्या. लीड नको. अप्रेझलमध्ये पॉइंट तर अजिबात नकोत, कारण पॉइंट आले की अक्षर वाईट असलेलेही फॉर्म भरतील आणि त्याचा फटका परीक्षा देणाऱ्याला बसेल.

आणि इथे वाचणाऱ्यांना एक सांगणं. उन्हाळी परीक्षा येतायत. दहावी किंवा बारावीपर्यंत शिकलेलं, स्वच्छ अक्षराचं कुणी तुमच्या घरात, दुकानात, कंपनीत असेल तर जवळच्या कॉलेजात जाऊन विचारा, तिथे अंध विद्यार्थी आहेत का, रायटर हवेत का. दहावीच्या मुलांना त्यांच्याहून खालच्या इयत्तेतलं मूल लागतं, तेव्हा तुमच्या आठवी-नववीतल्या लेकरालाही विचारून बघा. कागदपत्रं आधी द्यावी लागतात, म्हणून आत्ताच विचारा. मला मेसेज केलात तर ग्रुपमधली पोरं सरावाला काय करतात ते सांगेन. फक्त एकदा हो म्हणालात की आदल्या रात्री फोन करून नाही म्हणू नका.