वजडी मेन्यूवर कधी येणार?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एका फोटोवरून जुंपलीये. फोटो आहे पुण्यातल्या एका नव्या रेस्टॉरंटच्या मेन्यूचा. ज्वारीच्या भाकरीचे टाकोज, ठेच्याचं बटर, पिठल्याचं मूस, शेवटी पुरणाचं आइस्क्रीम, असे सात कोर्स, माणशी साडेतीन हजार रुपये, टॅक्स वेगळा. आत्येभावाने लिहिलं, पिठल्याला साडेतीन हजार? आजी असती तर लाटणं घेऊन गेली असती तिथे. त्यावर मावसबहीण भडकली, की सुशी खायला जातोस तेव्हा नाही रे आजी आठवत, आपलं अन्न म्हटलं की लगेच ते स्वस्तातच मिळायला पाहिजे. मग काकांनी नेहमीप्रमाणे "अन्न हे पूर्णब्रह्म" टाकलं, कोणीतरी हात जोडल्याच्या इमोज्या टाकल्या, आणि दोन दिवस झाले तरी विषय संपत नाहीये.

मी तिकडे गप्प आहे. इथे लांबलचक लिहितोय कारण नेमकं त्याच आठवड्यात मी आणि बायको ब्रुकलिनमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये कॅरिबियन टेस्टिंग मेन्यू खाऊन आलो, माणशी 165 डॉलर, त्यावर न्यूयॉर्कचा 8.875 टक्के टॅक्स आणि 20 टक्के टिप, म्हणजे रुपयांत एका माणसाचे एकोणीस हजाराच्या आसपास. हा आकडा मी ग्रुपवर टाकला असता तर लाटणं इकडे वळलं असतं.

आता ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, टेस्टिंग मेन्यू म्हणजे तुम्ही काही मागवायचंच नाही. शेफ ठरवेल ते आठ-दहा पदार्थ एकामागून एक येतात, प्रत्येक दोन-तीन घासांचा, आणि प्रत्येक ताटलीबरोबर वाढणारा मुलगा येऊन तिची गोष्ट सांगून जातो. पंगतीत आग्रह करणारे असतात तसे इथे माहिती देणारे असतात. फ्रेंच आणि जपानी जेवणात हे चालत आलंय. कॅरिबियन जेवणाचं तसं नव्हतं, ते न्यूयॉर्कमध्ये कायम काउंटरवरचं, फोमच्या डब्यातलं, पोटभर आणि स्वस्त असं खाणं. गेल्या काही वर्षांत हे बदललं. 2022 मध्ये लिंकन सेंटर या नाटक-संगीताच्या मोठ्या संकुलात क्वामे ओन्वुआची या शेफने तातियाना नावाचं रेस्टॉरंट काढलं. तो ब्रॉंक्समध्ये वाढलेला, घरात त्रिनिदाद, जमैका, नायजेरिया सगळं एकत्र. तिथे टेस्टिंग मेन्यू नाहीये, पण ऑक्सटेल आणि करी गोट पॅटी असले काउंटरवरचे पदार्थ तिथल्या झुंबराखाली जाऊन बसले, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने शहरातल्या शंभर रेस्टॉरंटच्या यादीत त्याला पहिला नंबर दिला. त्याच वर्षी, म्हणजे 2022 ला, ओरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये ग्रेगरी गूर्डे या शेफचं "कान" नावाचं हैतीच्या जेवणाचं रेस्टॉरंट सुरू झालं, त्याला 2023 चं जेम्स बिअर्ड हे अमेरिकेतलं खाण्याच्या धंद्यातलं मानाचं बक्षीस मिळालं, देशातलं सगळ्यात चांगलं नवं रेस्टॉरंट म्हणून. मग बाकीच्यांनाही धीर आला.

आम्ही गेलो ते बायकोच्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून. ती गयानीज, म्हणजे आईवडील गयानाचे (देश दक्षिण अमेरिकेत, पण खाणं-गाणं कॅरिबियन) आणि ती वाढली न्यूयॉर्कच्याच क्वीन्समध्ये, रिचमंड हिलला.

पहिलं आलं ते डबल्स. त्रिनिदादचा वडापाव म्हणा हवं तर: दोन मऊ तळलेल्या पिवळ्या पुऱ्या, त्यांना ते "बारा" म्हणतात, त्यावर पातळसर छोल्यांची भाजी, चिंच, काकडी, आणि डोळ्यातून पाणी काढणारा स्कॉच बॉनेट मिरचीचा सॉस. 1930 च्या दशकात प्रिन्सेस टाऊनकडे एका डीन नावाच्या कुटुंबाने विकायला सुरुवात केली असं सांगतात. कागदावर घेऊन, उभ्याने, सकाळी कामावर जाताना खायचा प्रकार. इथे ते आलं रुपयाएवढं. एकच "बारा" पुरी, त्यावर मोजून तीन छोले, चिंचेचा एक थेंब, कुठलंसं बारीक फूल चिमट्याने ठेवलेलं. खाल्लं, छान होतं, संपलं. बायको म्हणाली, अजून मिळेल का विचारू? मी म्हटलं गप बस.

हे छोले तिकडे पोचले कसे ते वाढणाऱ्या मुलाने थोडक्यात सांगितलं, मला त्यात भर घालावीशी वाटत होती पण आवरलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते म्हणून इंग्रजांनी आपल्याकडून करारावर माणसं नेली, 1838 पासून गयानाला, 1845 पासून त्रिनिदादला, ते 1917 पर्यंत चाललं. एकट्या त्रिनिदादला दीड लाखाच्या आसपास गेले. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, कलकत्त्याहून जहाजात बसलेले. आपली मराठी माणसं तिकडे फारशी नाहीत, आपली गेली ती मुंबईहून मॉरिशसला, त्यामुळे त्या जेवणात जिरं, हळद, तवा, डाळ सगळं ओळखीचं असलं तरी ते बिहारच्या वाटेने आलेलं ओळखीचं. वांगं भाजून, कुस्करून, वर लसणाची फोडणी दिली की त्याला बैगन चोका म्हणतात, आमच्या ताटलीत तो एका कुरकुरीत पापडीवर चमचाभर आला आणि माझ्या आईच्या भरतापेक्षा चांगला होता. आई हे वाचत नाही.

पण मला खरा धक्का बसला तो नीरफणसाने. मी मूळचा मालवणकडचा, आमच्याकडे नीरफणसाचे काप तिखट-हळद लावून, रव्यात घोळवून तव्यावर परततात, आणि माझ्या डोक्यात तो शंभर टक्के कोकणातला. इथे आला निखाऱ्यावर भाजलेला, साल काळी करून काढून टाकलेली, आतला गर लोण्यासारखा, वर खारवलेला कॉड मासा चुरून घातलेला. आणि वाढणारा सांगतो की हे झाड कॅरिबियनचं नाहीच. पॅसिफिकमधल्या ताहितीहून ब्लाय नावाच्या कप्तानाने 1793 मध्ये जहाज भरून रोपं सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला आणली, का तर मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोटभर खायला घालता यावं म्हणून. त्याच्या आधीच्या खेपेला, 1789 मध्ये, खलाशांनी बंड करून त्यालाच होडीत सोडून दिलं होतं, ते बाउंटी जहाजाचं प्रसिद्ध बंड हेच. इतकी यातायात करून आणलेला नीरफणस गुलामांनी सुरुवातीला तोंडात घ्यायलाही नकार दिला. वरचा तो मासासुद्धा तसाच, उत्तर अमेरिकेच्या थंड समुद्रातला खारवलेला कॉड, त्यातला हलका माल स्वस्त म्हणून मळ्यांवर जायचा. म्हणजे माझ्या समोरच्या त्या सुंदर ताटलीतल्या दोन्ही गोष्टी कोणीतरी कोणाला तरी कमीत कमी पैशात जिवंत ठेवायला निवडलेल्या.

हे ऐकत खाताना थोडं अवघडल्यासारखं होतं, खोटं कशाला सांगू. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस, आणि इकडे गुलामगिरीची गोष्ट सांगून झाली की लगेच "एन्जॉय". एक-दोन ठिकाणी मला ते नाटकी वाटलं, माझ्या मते ताटलीमागची गोष्ट दोन वाक्यांत संपली पाहिजे, नाहीतर खाणं गार होतं. पण लपवलं काहीच नाही हे मात्र मान्य करायला पाहिजे.

मुख्य पदार्थ ऑक्सटेल. बैलाची शेपूट, तासन्‌तास शिजवून हाडावरून गळून पडणारी, काळपट दाट रस्सा, बाजूला नारळाच्या दुधातला राजम्याचा भात. चांगलं मांस मालकाकडे, शेपूट-पाय-डोकं मजुरांकडे, अशा वाटणीतून आलेला हा पदार्थ, आणि आता न्यूयॉर्कच्या दुकानांत शेपूट इतकी महाग झालीये की जमैकन बायका त्यावरून चिडतात, आमचंच खाणं आम्हाला परवडेना म्हणून. जे बीफ खात नाहीत त्यांच्यासाठी करी गोट, म्हणजे बकऱ्याचं रस्सेदार मटण होतं. मी त्यातलं काय घेतलं ते इथे लिहीत नाही, ग्रुपवर काकू आहेत, आणि 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर आमच्या घरात या विषयावर आधीच पुरेसं बोलून झालंय.

आणि मध्येच एक लाल सरबत आलं, सॉरेल नावाचं, जमैकात नाताळात करतात, आलं-लवंग घातलेलं. रंग बघून मला वाटलं कोकम. ते निघालं लाल अंबाडीच्या बोंडांचं. अंबाडी! विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीच्या कण्या घालून जिची भाजी करतात, आणि पुण्यातल्या कुठल्याही "अस्सल महाराष्ट्रीयन थाळी"त जी मी अजून बघितली नाही.

इथे मला ग्रुपवरचं भांडण आठवलं आणि वाटलं की आपण चुकीच्या मुद्द्यावर भांडतोय. किंमत हा मुद्दाच नाही. पैसे आहेत तो देईल, नाहीत तो देणार नाही, आणि भाड्याचे, नोकरांचे, वाया गेलेल्या मालाचे हिशोब केले तर साडेतीन हजारात मालकाच्या हातात फार उरत असेल असंही नाही. मुद्दा आहे की मेन्यूवर काय लिहिलंय आणि काय नाही. आपलं "फाइन डाइन मराठी" म्हणजे कोथिंबीर वडी, मसालेभात, अळूचं फदफदं, पुरण. फार धीट झाले तर कोळंबी आणि तांबडा-पांढरा. म्हणजे ज्यांच्या घरी आधीपासून पाटावर बसून चांगलंचुंगलं खायची सोय होती त्यांचंच जेवण आता चिनी मातीच्या मोठ्या ताटलीत. वजडी, म्हणजे बकऱ्याचं पोट-आतडी, कुठेय? मुंडी, रक्ताची रक्ती? मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या, ज्यावर मराठवाड्यात कितीतरी घरांनी दुष्काळ काढले? अख्ख्या कोकण किनाऱ्याचा पावसाळा ज्या सुक्या बोंबलावर निघतो तो बोंबील मुंबईच्या सोसायटीत भाजला की सेक्रेटरीकडे तक्रार जाते, मग त्याला मेन्यूवर कोण घेणार. कॅरिबियन शेफनी बरोबर हेच उचललं, जे खाण्याची लाज वाटावी असं त्यांना दोन-तीनशे वर्षं सांगितलं गेलं तेच.

कोणी म्हणेल की हे परदेशात चालतं, आपल्याकडे नाही. तर न्यूयॉर्कमध्येच सेम्मा आहे, तामिळनाडूच्या खेड्यातलं जेवण, तिथले शेफ विजय कुमार गोगलगाई घालतात मेन्यूवर. लहानपणी त्यांच्या घरी त्या भाताच्या शेतातून आणून गरिबीमुळे खायचे. 2022 पासून मिशलिन स्टार आहे. म्हणजे गिऱ्हाईक आहे. हिंमत कमी आहे, आणि माझ्या मते लाज अजून गेलेली नाही, ती नुसती "आपलं साधं घरगुती जेवण" या शब्दांखाली सरकवून ठेवलीये.

आता दुसरी बाजू, कारण मी काही त्या रेस्टॉरंटचा भाट नाही. पुढच्या रविवारी ती गयानीज मैत्रीण आम्हाला लिबर्टी अव्हेन्यूला घेऊन गेली, लिटिल गयाना म्हणतात त्या भागाला. साड्यांची दुकानं, देवळं, रोटीची दुकानं, भजनं आणि सोका गाणी एकाच फुटपाथवर. तिथे दोन-तीन डॉलरला डबल्स, हातावर रस्सा ओघळतोय, मागची बाई म्हणतेय सरका पुढे. तिची आईही होती. आम्ही कुठे जेवून आलो ते तिने मुलीकडून ऐकलेलं, आणि डबल्सचं माप बोटांनी दाखवून मला विचारते, एवढंसं दिलं ना? मुलीच्या त्या असल्या ठिकाणी जाण्याला तिचा ठाम विरोध. तिचं म्हणणं होतं की माझ्या आजीने जे मळ्यात काम करून आल्यावर चुलीपाशी बसून खाल्लं ते बघायला मी पैसे का देऊ. मुलगी म्हणाली, अगं पण नाहीतर कोणाला कळणार ती होती म्हणून? आमच्या ग्रुपवरचंच भांडण, फक्त इंग्रजीत. मला दोघींचं पटलं, आणि मी दुसरं डबल्स घ्यायला रांगेत गेलो.

पण त्या आईच्या बोलण्यातली एक गोष्ट मी धरून ठेवलीये. ती म्हणाली शेफचं नाव पेपरात आलं, पण तो ज्या बायकांच्या हातचं खाऊन शिकला त्यांना काय. हे आपल्याकडे तर अजूनच लागू आहे. डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रेत जा, बचत गटाच्या बायका खापरावरचे मांडे करतात, हातावर पोळी फिरवत फिरवत अंगरख्याएवढी मोठी करून उलट्या खापरावर टाकतात, तो हात कुठल्याही कॅटरिंग कॉलेजात शिकवून येणार नाही. चार दिवस कौतुक, फोटो, रील, मग बाई गावी परत. उद्या कोणी त्यातल्या तिघी-चौघींना बरोबर घेऊन टेस्टिंग मेन्यू काढला, त्यांची नावं मेन्यूवर छापली, नफ्यात वाटा दिला, पहिला कोर्स अंबाडी-कण्या आणि पाचवा वजडी असं छातीठोकपणे लिहिलं, तर पुढच्या ट्रिपला मी माणशी साडेतीन काय पाच हजार द्यायला तयार आहे, आणि आत्येभावाचं बिलही मीच भरेन. नुसतं पिठल्याचं मूस असेल तर मात्र तो म्हणतो तेच खरं, घरी येतो, आत्या करेल.