कलियुग संपल्याचे मेसेज पाठवण्याआधी शके बघा

'कलियुगाचा अंत जवळ आला' असे मेसेज पुन्हा फिरताहेत. घरातली वयस्कर माणसं ते वाचून खरोखर धास्तावतात, म्हणून हिशेब मांडतो.

कलीची किती वर्षं गेली ते काढायला पंचांगातल्या चालू शकात ३१७९ मिळवा. शके १९४७ म्हणजे कलीची ५१२६ वर्षं गेली. हे ३१७९ आलं कुठून? कर्नाटकातल्या ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर रविकीर्ती या कवीने चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती लिहिली आहे. तिच्यात भारती युद्धापासून (कलीचा आरंभ तिथूनच धरलेला) ३७३५ आणि शकाची ५५६ वर्षं असे दोन्ही आकडे आहेत. वजाबाकी करून पाहा. इसवी सनावरून काढायचं तर पाडव्यानंतर ३१०१ मिळवा. कलीचा आरंभ इ.स.पू. ३१०२ चा, पण मध्ये शून्य साल नसल्याने एक वर्ष कमी धरावं लागतं. आर्यभट इ.स. ४९९ मध्ये कलीची ३६०० वर्षं सरली म्हणतो, ते याच्याशी बरोबर जुळतं.

खरा घोळ पुढे आहे. कलियुग १२०० वर्षांचं सांगितलंय, पण ती दिव्य वर्षं. एक दिव्य वर्ष म्हणजे माणसांची ३६०. गुणाकार केला की ४,३२,००० होतात. तो गाळला तर कलियुग केव्हाच संपलेलं निघतं, आणि मग ज्याला जी तारीख हवी ती तो सांगतो. त्या १२०० मधली पहिली १०० नुसती संध्या (युगाच्या सुरुवातीचा संधिकाल), म्हणजे आपली ३६,००० वर्षं. आपण अजून तिच्यातच आहोत! आर्यभट चारही युगं सारखी, १०,८०,००० वर्षांची धरतो. त्याचं मानलं तर शेवट आणखी लांब जातो.

सत्यनारायणाला बसलात की गुरुजी संकल्पात 'कलियुगे प्रथमचरणे' म्हणतात, ते कान देऊन ऐका. एक चरण १,०८,००० वर्षांचा.

अशा मेसेजमधली ग्रहयोगाची, म्हणजे बरेच ग्रह एका राशीत जमण्याची, भीती तर अगदीच निराधार. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकरेत रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू एकत्र आले, त्यात ५ तारखेला सूर्यग्रहण. देशभर यज्ञ झाले. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवसच असतो. तो कुंभेत गेला आणि ही आठ ग्रहांची युती, अष्टग्रही, मोडली.

आता असा मेसेज आला तर पाठवणाऱ्याला कुठला ग्रह कुठल्या राशीत, किती अंशांवर, ते विचारा आणि पंचांगातल्या त्या दिवसाच्या स्पष्ट ग्रहांशी (ग्रहांच्या राशी-अंशांच्या नोंदींशी) ताडून बघा. आजी-आजोबांना शेजारी बसवूनच बघा.