बांगड्याच्या तिखल्यात कांदा-लसूण मसाला कशाला?

दर हिवाळ्यात आम्ही मित्र साताऱ्यात शनिवार-रविवार गाठून खास मालवणी माशांच्या जेवणाचा बेत आखतो, कुंभार्ली घाट चढून बर्फात आलेले बांगडे सकाळीच आणतो, आणि तरीही कोणीतरी तिखल्याच्या, म्हणजे बांगड्याच्या दाटसर मालवणी कालवणाच्या, पातेल्यात घरचा कांदा-लसूण मसाला घालतोच. मटणाच्या रश्श्याला तो शोभतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ओल्या खोबऱ्याच्या वाटणात बिया काढून ठेचलेली तिरफळे (कोकणातली मसाल्याची उग्र वासाची फळे) आणि वरून चार कोकमे पडली की बांगड्याच्या तेलकट उग्रपणाला जो उतारा मिळतो, तो त्या भाजक्या मसाल्याच्या वासाखाली पार दबून जातो. ‘तिखटच लागत नाही’ ही सबब मला मुळीच पटत नाही. ज्याला झणझणीत हवे, त्याने पानात ठेचा वाढून घ्यावा. पातेल्याला हात लावू नये!