पोलिसाला ताप आला की आधी तो खोटारडा ठरतो, आणि हे आजचं नाहीये

तापाने फणफणलेल्या माणसाला आधी विचारायचं की खरंच आजारी आहेस का ड्युटी टाळतोयस, आणि मग औषधाचं बघायचं, ही पद्धत ज्यांनी कुणी काढली त्यांचा मला भयंकर राग आहे. माझा दादा पोलीस शिपाई आहे. गणपतीच्या बंदोबस्तात डेंग्यू झाला, प्लेटलेट खाली गेल्या, उभं राहता येईना, आणि फोनवर पहिला प्रश्न काय, तर सरकारी दवाखान्याचा कागद आहे का. नसेल तर गैरहजर लावणार. माणूस बेडवर, हाताला सलाईन, आणि वहिनी त्या कागदासाठी रिक्षा करून वणवण फिरतेय. वर नात्यातलेच लोक ऐकवतात की अगं डिपार्टमेंट आहे ते, शिस्त पाहिजेच, इंग्रजांनी घालून दिलेली शिस्त आहे म्हणून तर टिकलंय सगळं.

हे "इंग्रजांची शिस्त" ऐकलं की माझं डोकंच फिरतं. काय होती ती शिस्त, एकदा नीट बघा तरी.

१८५७ नंतर घाबरून त्यांनी पोलीस नव्याने बांधले. १८६१ चा पोलीस कायदा आला, आपल्याकडे नागपूर वगैरे भाग मध्य प्रांतात होता तिथे तो चालायचा, मुंबई इलाख्यात जिल्हा पोलिसांसाठी १८६७ चा वेगळा कायदा होता. तो १८६१ चा कायदा काढून वाचा. कलम २२, पोलीस कायम ड्युटीवर आहे असं समजायचं. कलम ९, राजीनामा द्यायचा तर परवानगी काढा नाहीतर दोन महिने आधी नोटीस द्या. कलम २९, परवानगीशिवाय काम सोडलं तर तीन महिन्यांपर्यंतचा पगार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुढे त्यात भर घातली की रजा संपल्यावर सबळ कारणाशिवाय हजर झाला नाही तरी हेच. कैद! रजेवरून उशिरा आला म्हणून! आता हा माणूस गावी हिवतापाने पडलाय, गावात डॉक्टर नाही, चिठ्ठी लिहून द्यायला लिहिता येणारा कुणी नाही, तर ते "सबळ कारण" त्याने आणायचं कुठून? आणि ते सबळ आहे का नाही हे ठरवणार कोण, तर साहेब. एवढी दंडाची कलमं, पण आजारी शिपायाला औषधपाणी देणं ही सरकारची जबाबदारी आहे असं सांगणारं कलम त्यात एकही नाही. एकही!

आणि कुणी म्हणू नका की त्या काळी कुणालाच कळत नव्हतं, सगळ्यांचीच तशी अवस्था होती. कळत होतं, व्यवस्थित कळत होतं. गोऱ्या सोल्जरांसाठी रॉयल कमिशन, म्हणजे चौकशी आयोग बसलं, १८६३ ला रिपोर्ट आला, हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी ६९ माणसं मरतात असा हिशोब मांडला, फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी त्यावर रान उठवलं, मग १८६४ ला मुंबई, मद्रास, बंगाल तिन्हीकडे सॅनिटरी कमिशन नेमली, बराकी सुधारा, पाणी सुधारा, हवेशीर जागा शोधा. आपला पुरंदर, जिथे शंभूराजे जन्मले तो पुरंदर, गोऱ्या सोल्जरांना हवापालटासाठी सॅनिटोरियम म्हणून दिला होता. का, तर विलायतेहून एक सोल्जर आणून उभा करायचा म्हणजे शंभर पौंडांच्या घरात खर्च. माणूस मेला की पैसा बुडाला. तुरुंगातल्या कैद्यांचंसुद्धा दरवर्षी छापून यायचं, किती आजारी, किती मेले, हजारी किती. आणि शिपाई? सहा-सात रुपये महिन्याचा माणूस. मेला तर दुसऱ्या दिवशी त्याच पगारात दुसरा दारात उभा. त्याच्यासाठी कुठलं कमिशन आणि कुठलं सॅनिटोरियम. जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस लाइनीत कुठे कुठे छोटासा दवाखाना असायचा, तिथे हॉस्पिटल असिस्टंट, आणि वर अख्ख्या जिल्ह्याला मिळून एक सिव्हिल सर्जन, म्हणजे जिल्ह्याचा मुख्य सरकारी डॉक्टर, ज्याच्या डोक्यावर सिव्हिल हॉस्पिटल, पोस्टमॉर्टेम, देवीच्या लसी, बऱ्याच ठिकाणी तुरुंगसुद्धा. लांबच्या चौकीवरचा शिपाई थंडीतापाने कुडकुडत बैलगाडीने नाहीतर पायी तिथवर पोचणार कधी?

खानदेशचं तर ऐकून अंगावर काटा येतो. सातपुड्याच्या जंगलात तापाने फौजेची माणसं पटापट आजारी पडायची, आणि १८२५ ला आउट्राम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल कॉर्प्स, म्हणजे भिल्लांची पलटण उभी केली. मुख्य हेतू भिल्लांचे उठाव भिल्लांकडूनच शमवायचा, पण त्या हवेत टिकतील तर हेच टिकतील हाही त्यात फायदाच. म्हणजे आजारावर उपाय शोधायचा नाही, आजारात ढकलायला माणसं शोधायची. पुढे हेच कॉर्प्स जिल्हा पोलिसांत मिसळून टाकलं. त्या माणसांना ताप येत नव्हता का? त्यांची बायकापोरं नव्हती का?

औषध नव्हतं असंही नाही. ज्याच्या सालीपासून क्विनीन हे हिवतापाचं औषध निघतं त्या सिंकोनाच्या झाडाची लागवड निलगिरीत १८६० पासून सुरू होती, क्विनीन इथेच बनत होतं, पण सामान्य माणसाला पोस्टात एका पैशाला क्विनीनची पुडी मिळायला १८९२ उजाडलं, तेही बंगालमध्ये. बत्तीस वर्षं! आणि मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात सापडतो हे रोनाल्ड रॉस या डॉक्टरने १८९७ ला सिकंदराबादेत दाखवलं, तोपर्यंत सगळा दोष हवेवर.

हे सगळं मी आज का उकरून काढतेय, तर तो सिव्हिल सर्जन अजून गेलेला नाही म्हणून. नाव बदललं, जिल्हा शल्यचिकित्सक झालं, लोक अजून "सिव्हिल"च म्हणतात. दादाचं मेडिकल बिल त्याच सहीसाठी अडकलंय. आधी हॉस्पिटलची फाइल, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक मेडिकलच्या पावतीवर डॉक्टरची सही शिक्का, मग ऑफिसला बारनिशीत, म्हणजे आवक नोंदीच्या टेबलावर द्या, मग ते सिव्हिलला जाणार, मग तिथून त्रुटी निघणार. त्रुटी काय तर एका पावतीवर शिक्का अर्धवट उमटलाय. शिक्का! पोटात अन्न ठरत नव्हतं त्या माणसाच्या आणि तुम्ही शाई बघताय? ती पावती घेऊन परत हॉस्पिटल, तिथला डॉक्टर बदलून गेलेला, नवीन म्हणतो मी सही करणार नाही, पेशंट माझा नव्हता. वहिनीने सोन्याच्या बांगड्या ठेवून हॉस्पिटलचे पैसे भरलेत, व्याज चालू आहे, आणि टेबलामागचा माणूस मान वर न करता "पुढच्या आठवड्यात बघा" म्हणतो. दादा कामावर परत गेला तेव्हा फिट सर्टिफिकेट पण लागलं. म्हणजे आजारी आहे हे सिद्ध करा, बरा झालो हेही सिद्ध करा, आणि मधे जे भोगलं त्याचे पैसे मागितले तर परत सिद्ध करा.

आणि प्लेग. प्लेगबद्दल बोललं की लोक रँड बोलतात, चाफेकर बोलतात, बोलायलाच पाहिजे, पण मुंबईतल्या शिपायाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि शहर रिकामं व्हायला लागलं, लाखो लोक बोटीने रेल्वेने गावी पळाले. शिपाई पळू शकत होता का? मुंबईचे बहुतेक शिपाई रत्नागिरीकडचे, आपले कोकणातले मराठे, घरदार तिकडे, इकडे चाळीत दाटीवाटीने राहायचं, त्याच चाळींत उंदीर पडायचे. निळा डगला, पिवळी टोपी घालून रोज प्लेगच्या तपासणीला सोबत जायचं, लोकांच्या शिव्या खायच्या, मार्च १८९८ ला मदनपुऱ्याकडे दंगल उसळली तेव्हा दगडही खायचे. लोकांचा राग बरोबर होता, घरात घुसून बायामाणसं तपासणं कोण सहन करेल, पण तो राग झेलायला पुढे उभा कोण केला होता? हुकूम सोडणारा बंगल्यात होता. आणि हा शिपाई रात्री त्याच खोलीवर परत जायचा जिथे शेजारी माणूस मेलाय.

१९०२ ला पोलिसांच्या कारभाराची चौकशी करायला फ्रेझर कमिशन बसलं, त्यांनी रिपोर्टात पोलीस भ्रष्ट आहेत, जुलमी आहेत असं ठणकावून लिहिलं. आणि शिपायाला पगार किती असावा म्हणाले? कमीत कमी आठ रुपये. चाळीस वर्षं ज्याला अर्धपोटी ठेवलं, तापात उभं केलं, त्याने चार आणे खाल्ले म्हणून एवढा आरडाओरडा. मी पैसे खाणाऱ्याची बाजू घेत नाहीये, आमच्या घरात ते कधी आलं नाही आणि येणार नाही. पण माणसाच्या घरी औषधाला पैसे नसतील आणि तुम्ही देणार नसाल तर तो कुठून आणेल याचा पुरता विचार त्या साहेबांना का करावासा वाटला नाही?

आता मला एकच सांगा. १८६१ च्या कलम २२ मधलं ते "कायम ड्युटीवर" आपल्या महाराष्ट्राच्या १९५१ च्या पोलीस कायद्यातही आहे, कलम २८, उचलून ठेवलंय. चोवीस तास ड्युटीवर, सुट्टीच्या दिवशीही बोलावलं की यायचं, मुलीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी फोन आला की निघायचं. ठीक आहे, मान्य. मग डेंग्यूचा डास चावला तेव्हाही तो ड्युटीवरच होता ना? त्या गणपतीच्या मांडवाशेजारी, तुंबलेल्या गटारावर, बारा बारा तास उभा होता ना? मग ते आजारपण त्याचं खाजगी कसं झालं? कायम ड्युटीवर असेल तर प्रत्येक आजार ड्युटीवरचाच धरा, सिकची नोंद ठाण्यातून तुमची तुम्ही करा, हॉस्पिटलचे पैसे आधी भरा, आणि शिक्के, सह्या, त्रुटी जे काय ते तुमच्या टेबलांनी आपसात मिटवा. वहिनीला रिक्षाने फिरवू नका.