पाणी कुठलं?

साताऱ्यात फ्लॅट घेतला असं सांगितलं की समोरचा माणूस किती खोल्या, कितवा मजला असलं काही विचारत नाही. ‘पाणी कुठलं?’ एवढंच विचारतो आणि उत्तरावरून आपली पायरी ठरवून मोकळा होतो. सगळ्यात वर कासचं पाणी. त्याखाली शहापूरचं, म्हणजे उरमोडी नदीतून उपसून आणलेलं. मग उपनगरातलं जीवन प्राधिकरणाचं, कृष्णा नदीचं. आणि शेवटी, पंगतीत दाराशी पाट मांडावा तसे, आम्ही बोअरवाले.

आमच्या आत्याचं घर मंगळवार पेठेत. तिच्या नळाला कासचं पाणी येतं, आणि तलाव जणू तिच्या माहेरून आला असावा इतपत ती त्याबद्दल बोलते. पावसाळ्यात तेही गढूळ येतं, पण तेव्हा ती विषय बदलते. एरवी तिच्या अभिमानात तथ्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. ज्या पठारावरची फुलं बघायला पुण्या-मुंबईची माणसं सप्टेंबरात घाटात गाड्या अडकवून बसतात, तिथल्याच तलावातलं हे पाणी. जांभ्यावर पडलेला पाऊस वरच्यावर गोळा झालेला, दगडात फारसा न मुरलेला. ब्रिटिश काळापासून ते उताराउताराने, पंपाचं बटण न दाबता, डोंगरावरून गावात येतंय.

आमचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांमधून रमतगमत येतं. वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम खिशात भरतं आणि आमच्या गीझरमध्ये येऊन खिसे उलटे करतं. गंमत म्हणजे याच सह्याद्रीच्या खडकात झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, आणि पाणी मऊ करायच्या यंत्रांत एकेकाळी झिओलाइटच वापरायचे. म्हणजे दुखणं आणि औषध एकाच डोंगरात. आमच्या बोअरला तेवढं दुखणं लागलं.

साबण लावला की फेस येत नाही आणि धुतला की जात नाही. शॉवरची निम्मी भोकं पांढऱ्या खड्यांनी बुजलीत, उरलेली वाटेल त्या दिशेला उडतात. एक धार तर नेम धरून खुंटीवरच्या टॉवेलवरच जाते. टाचणी घेऊन ती भोकं कोरणं हा माझ्या रविवारचा कार्यक्रम. चहा गार होऊ दिला तर वर तेलकट तवंग धरतो आणि पाहुण्याला वाटतं, कप नीट विसळला नाही. तूरडाळीचं तर विचारूच नका. आमच्या कुकरच्या शिट्ट्या खालच्या मजल्यावरच्या काकू मोजतात आणि जिन्यात भेटल्या की आकडा सांगतात. ‘चिमूटभर सोडा टाक,’ हा आत्याचा सल्ला. सोड्याने डाळ शिजते हे खरं, पण मग आमटीला सोड्याची चव येते आणि ती कोणी काढायची यावरून घरात वाद होतो.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक मी मुद्दाम काढून वाचलं. कठीणपणा, म्हणजे हेच खिशातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालेल. ‘दुसरा स्रोत नसेल तर’! सरकारी कागदात इतकं माणुसकीचं वाक्य क्वचित सापडतं. हे पाणी तब्येतीला वाईट नसतं, असंही जाणकार सांगतात. तब्येतीचं ठीक आहे हो, शॉवरचं काय?

अशा घराचा वास फिल्टर विकणाऱ्यांना बरोबर लागतो. परवा एक मुलगा आला. टाय, बॅग आणि खिशात टीडीएसचं पेन. पेन आमच्या पाण्यात बुडवून त्याने आकडा असा दाखवला, की बायकोने मुलांना जवळ घेतलं. ते पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. जंतू त्याला ओळखता येत नाहीत. गोड्या पाण्यात गटार झिरपलं असलं तरी ते बेधडक पास करील. पण हे सांगायला मला कोण विचारतंय?

मग त्याने दोन ग्लास मांडले. एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. दोन्हींत लोखंडी सळ्या सोडून बटण दाबलं. आमच्या ग्लासात बघता बघता तपकिरी गाळ दाटला. त्याचं पाणी जसंच्या तसं.

‘बघा मॅडम, हे तुम्ही रोज पिता.’

आत्या नेमकी त्या दिवशी आमच्याकडे आलेली. ती काही बोलली नाही. तिने त्याची बाटली उचलली, घोटभर पाणी तोंडात घेतलं.

‘पांचट आहे,’ म्हणाली आणि स्वयंपाकघरातून मीठ आणून त्याच्या ग्लासात चिमूटभर टाकलं. ‘आता लाव तुझं मशीन.’

‘आजी, असं नसतं करायचं.’

‘का? मीठ खातोस ना घरी?’

त्याने बटण दाबलं. त्याच्या ग्लासातही तोच चिखल. आमच्यापेक्षा दाट, असं मला वाटलं, पण मी पक्षपाती आहे. सळीच झिजून तो गाळ होतो. पाण्यात क्षार असला की वीज वाहते, नसला की वाहत नाही, एवढाच सगळा खेळ. आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त पाण्याची चव सुधारायची होती.

मुलाने सळ्या पुसून बॅगेत ठेवल्या. बायकोने चहा केला, आत्याने येताना आणलेल्या कॅनमधल्या पाण्याचा. तो गार होईपर्यंत त्यावर काही तरंगलं नाही. मुलगा कप न्याहाळत म्हणाला, ‘आजी, पाणी कुठलं?’

‘कासचं.’

‘मी हायवेकडे खोली घेऊन राहतो. तिथं बोअरच आहे. केस पार गेले माझे.’ जरा घुटमळून म्हणाला, ‘एखादा कॅन मिळेल का?’

आत्याने त्याच्या केसांकडे नीट बघितलं.

‘सकाळी पाणी सुटल्यावर ये पेठेत. आणि कॅन धुऊन आण. तुझ्याकडच्या पाण्यानं नको, आमच्याकडं येऊन धू.’