चिंध्यांना गिऱ्हाईक कोण?

गावाकडच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ फिरला. जुन्या सुती कपड्यांचा केमिकलने लगदा करायचा आणि त्यातून नवा धागा काढायचा. लगेच दोन तट पडले. एक म्हणे, असा कारखाना जळगावात आणा. दुसरा म्हणे, चिंध्यांतूनच धागा निघाला तर आपला कापूस कोण घेईल? मग मला टॅग केलं: "तू स्वीडनला आहेस ना, तू सांग."

दुसऱ्या तटाची भीती आधी काढतो. कापूस म्हणजे जवळपास सगळा सेल्युलोज. सुती कापडाची बटणं, चेन, रंग काढून केलेला लगदा व्हिस्कोसच्या, म्हणजे लाकडातल्या सेल्युलोजपासून काढतात त्या धाग्याच्या, कारखान्यात लाकडाच्या लगद्याऐवजी वापरतात. म्हणजे यात पोटावर पाय आलाच तर झाडं तोडणाऱ्याच्या. कापसाचा भाव पाडायला चिंध्या लागतात कुठे? २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. भांडायचं तर त्यावर भांडा.

आता कारखाना. इथे सुंड्सवालला, बंद पडलेल्या कागद कारखान्याच्या जागेत, रिन्यूसेल कंपनीने २०२२ साली नेमका हाच उद्योग उभारला. क्षमता वर्षाला ६० हजार टन. लगदा निघाला, त्याचे कपडेही दुकानात आले. २०२४च्या फेब्रुवारीत कंपनीचं दिवाळं वाजलं. बड्या ब्रँडांनी कौतुक भरपूर केलं, ऑर्डरी मात्र पुरेशा दिल्या नाहीत. त्याच वर्षी एका गुंतवणूक कंपनीने ती विकत घेतली. बातमी वाचताना मला जळगाव स्टेशनजवळची खान्देश मिल आठवली. तिच्या जागेवर आता मॉल आहे.

कच्च्या मालाची गंमत वेगळीच. २०२५च्या जानेवारीपासून इथे कापडाचा कचरा वेगळा देण्याची सक्ती झाली. आमच्या दाराशी भोकं पडलेल्या मोज्यांची पिशवी साचू लागली. ती गाडीत घालून केंद्रावर न्यायची. केंद्रं तुंबली, फाटकं घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी ऑक्टोबरपासून फाटकं-डागाळलेलं पुन्हा कचऱ्याच्या डब्यात टाकायला सरकारनेच मुभा दिली. एवढ्या शिस्तीच्या देशात!

धरणगावला ही निवड आजी करायची. धोतर, लुगडं गोधडीला. टेरिकॉट बोहारणीला, पातेल्याच्या बदल्यात. काही टाकायला निघालो की ओरडायची, "ऱ्हाऊ दे, फेकू नको." काकांच्या कापड दुकानात तर शंका आली की काडी ओढून दोरा जाळत. कागदासारखा वास येऊन राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. काल माझ्या शर्टाचं लेबल वाचलं: ६० टक्के कापूस, ४० पॉलिएस्टर. असं मिश्रण वेगळं करणं म्हणजे खर्चाचं काम. गावाकडची कपाटंही आता अशाच कपड्यांनी भरलीत, त्यामुळे "आपल्याकडे चिंध्याच चिंध्या" हा हिशेब कच्चा आहे. शिवणाच्या कारखान्यांतली सुती कात्रण चालेल. तिच्यात काय आहे ते आधीच ठाऊक असतं.

आणि पाणी? लगदा करताना निघणारं सोड्याचं सांडपाणी गिरणा नदीत सोडणार का, हे व्हिडिओत कुणी विचारलं नव्हतं.

मी कारखान्याच्या विरोधात नाही. ग्रुपवर एवढंच लिहिलं: पहिल्या पाच वर्षांचा माल कोण घेणार, त्याचा लेखी करार दाखवा, मग जागा बघू. चार दिवस झाले. खाली दोन गुड मॉर्निंग आणि एक वाढदिवस आलाय.