चाड्यावर मूठ

"कादंबरी कुठवर आली?" लातुरात भेटणारा प्रत्येक ओळखीचा माणूस मला गेली सात वर्षं हेच विचारतो आणि माझं उत्तर ठरलेलं, "अभ्यास चालू आहे."

अभ्यास खरंच चालू होता, खोटं नाही बोलत. चार रजिस्टरं भरली. जुन्या गावाचा नकाशा ड्रॉइंग शीटवर काढला. वेस, मारुतीचा पार, चावडी, कुणाचं माळवद कुणाच्या माळवदाला लागून होतं, सगळं त्यात आहे. पात्रांची तीन पिढ्यांची वंशावळ तयार. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी इतक्या रेकॉर्ड केल्या की मोबाइल जागा संपली म्हणून ओरडायला लागला. कादंबरीचं पान मात्र एकही नाही.

विषय भूकंपाचा. मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना किल्लारी हादरली, तेव्हा मी तिसरीत होतो. गणपती बुडवून आलेली माणसं दमून झोपली होती. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं घरच अंगावर आलं. आमच्या गावात भिंती फाटल्या, माणसं वाचली. मोठ्या मायच्या माहेरी तसं झालं नाही.

आता एवढा विषय हातात असताना लिहायचं सोडून मी रजिस्टरं का भरत बसलो? माझ्या मते हा माझ्या एकट्याचा आजार नाही. मराठवाड्यात ज्याच्या खिशाला पेन आहे, त्याच्याकडं अशी एक न लिहिलेली कादंबरी असतेच. कुणाकडं रझाकाराच्या काळाची, कुणाकडं बहात्तरच्या दुष्काळाची, कुणाकडं जायकवाडीत बुडालेल्या गावांची, कुणाकडं ऊसतोडीची. विषय एवढाले मोठे, की त्यांना 'न्याय द्यायचा' म्हणून आपण कागदपत्रं गोळा करत राहतो. अहो, न्याय द्यायला आपण काय कोर्टात बसलोय का? या एका शब्दानं जेवढ्या कादंबऱ्या मारल्या तेवढ्या आळसानं मारल्या नसतील. २०१६ साली मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. मी बघायला गेलो आणि येताना काय केलं? नवीन रजिस्टर विकत घेतलं!

मध्ये एका कथालेखन कार्यशाळेलाही जाऊन आलो. पडद्यावर आलेख, संघर्षबिंदू, उत्कर्षबिंदू. जेवण चांगलं होतं.

कळस झाला तो रॉकेलपायी. पहिल्याच प्रसंगात कंदील होता. मनात आलं, त्र्याण्णव साली रेशनवर रॉकेल काय भावानं मिळत होतं? तीन दिवस शोधण्यात गेले. दहा जणांना फोन केले, दहा भाव मिळाले. चौथ्या दिवशी प्रसंगच डोक्यातून गेला.

मागच्या वर्षी जूनमध्ये गावी गेलो होतो. रजिस्टर उघडून ओसरीवर बसलो होतो. दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, वाचनाचं काही नाही. त्यांनी विचारलं, "हे का करू लालास?" म्हटलं, कादंबरीची तयारी. "किती वर्सं झाली?" सांगितलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "मिरग निघून चालला तरी पाळ्याच घालू लालास का? चाड्यावर मूठ ठेव की."

ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिरग म्हणजे मृग नक्षत्र, पेरणीची वेळ. पाळ्या घालणं म्हणजे पेरणीआधी रानात वखर फिरवणं. तिफण म्हणजे बी पेरायचं अवजार, तिला वर लाकडी वाटीसारखं चाडं असतं. त्यातून नळ्यांवाटे बी तासात, म्हणजे तिफणीनं पाडलेल्या रेघेत पडतं. तिफण चालू लागली की चाड्यावरची मूठ थांबत नाही, थांबली की तेवढं तास मोकळं जातं. आमच्याकडं ही मूठ बहुतेक वेळा बाईची असते. रान नांगरावं लागतं, पाळ्या घालाव्या लागतात, हे दादांनाही मान्यच आहे. पण नुसत्या पाळ्या घालून रान लोण्यासारखं केलं म्हणून त्यात कधी तूर उगवत नाही.

त्याच रात्री उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. भूकंपावर लिहायचं नाही एवढंच ठरवलं. लिहिलं मोठ्या मायवर. नव्या वसाहतीत माहेरच्यांना घर मिळालं होतं. जमिनीच्या हिशेबानं घरं दिली होती, सगळ्यात लहान २५० चौरस फुटांचं. मोठी माय भावाकडं जायची तेव्हा मी शेपटासारखा सोबत. सिमेंटचं पक्कं घर, पण ती आत कधीच झोपायची नाही. अंगणातल्या पत्र्याखाली वाकळ टाकायची. पाऊस आला तरी तिथंच. पत्रा ताडताड वाजायचा, ती माझ्या अंगावर पदर ओढायची. तिचा भाऊ म्हणायचा, "अक्का, आता घर पडत नसतंय." ती म्हणायची, "पयलं बी पडत नव्हतं."

हे वाक्य माझ्या चारही रजिस्टरांत नव्हतं! माझंच होतं, तीस वर्षं माझ्याजवळ होतं आणि मी दुनियेची म्हातारी माणसं रेकॉर्ड करत फिरत होतो.

तेव्हापासून जमेल त्या पहाटे एक पान. लिहिताना रजिस्टर उघडायचं नाही. काही माहीत नसेल तर तिथं मुलांच्या प्रश्नपत्रिकेसारखी गाळलेली जागा सोडायची आणि पुढं जायचं. 'तिनं ____ रुपयांचं रॉकेल आणलं.' कथेचं काही अडत नाही.

माझा नायक होता पुनर्वसनाच्या कामावर आलेला तरुण इंजिनिअर. रजिस्टरात त्याची बारा पानं आहेत, अगदी शाळेतल्या मार्कांसकट. कागदावर आल्यावर तो शासन निर्णयासारखा बोलायला लागला. दुसऱ्या प्रकरणातच त्याला बदलीवर पाठवला. आता सगळी कथा एक बाईच चालवू लागलीय, तेही आमच्या बोलीत. सात वर्षांच्या आराखड्यात एकही माणूस 'करू लालाव' म्हणत नव्हता.

कुणी म्हणेल, मोठमोठ्या लेखकांनी वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. केलाय ना. रहस्यकथा लिहायची तर खुनी कोण हे आधी ठरवावंच लागेल, इतिहासावर लिहायचं तर कागद बघावेच लागतील. पण ते लोक अभ्यास करता करता लिहीतही होते. पावसाआधी कोरड्या मातीत केलेली धूळपेरणी वाया जाते, दुबार पेरावं लागतं, हेही खरं. लागू दे. कागदावर बियाण्याचा खर्च नाही. माझी एक्केचाळीस पानं झालीत, त्यातली वीस तरी मोडावी लागतील असं दिसतंय.

आणि हो, त्र्याण्णव साली रेशनवर रॉकेल काय भावानं मिळत होतं हे कुणाला नक्की आठवत असेल, तर कृपया आत्ता सांगू नका. दिवाळीनंतर सांगा.